चौकशी चालू आहे

व्हर्डेल टॉल्बर्टच्या मुलाचा, टेरेन्सचा, उजवा हात काउंटीच्या तुरुंगात शिपायांनी मोडला. गुन्हा काय, तर गाडीचा मागचा दिवा बंद होता आणि त्याने उलट विचारलं. वेल्डरचा हात तो. आता त्याला कॉफीचा कपही धरवत नाही.

पुढच्याच रविवारी चर्च सुटल्यावर तो तुरुंग ज्याच्या ताब्यात, त्या शेरीफचा कॅप्टन घरी आला. टोपी काढून बसला, पीचचं गोड कॉबलर मागून घेऊन खाल्लं आणि म्हणाला, आत्ता कोर्टात गेलात तर आमची चौकशी थांबेल. आधी तिचा निकाल लागू द्या. अलाबामातल्या आम्हा काळ्या माणसांना गोऱ्या साहेबाने 'मॅडम' म्हटलं की अजून बरं वाटतं. व्हर्डेललाही वाटलं.

तिची नणंद आयडेला मात्र चिडली. शेरीफशी वाकडं घ्यायला गावातला एकही वकील तयार नव्हता. पण फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात आपला दावा आपणच लिहून देता येतो, आणि त्याला मुदत असते, हे तिने परोपरीने सांगितलं.

"वहिनी, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास तू. मारणारे तेच, चौकशी करणारेही तेच."

"माणूस घरी येऊन बोलला गं. शब्दाला काही किंमत असते की नाही?"

"आपल्याला दिलेल्या शब्दाला? कधी होती?"

व्हर्डेल थांबली. दोन वर्षं उलटल्यावर शेरीफच्या ऑफिसातून पत्र आलं: शिपायांचा दोष नाही. तेव्हा कुठे ती पेटली! लायब्ररीत बसून तिने सारा दावा स्वतः लिहिला, एकेका शिपायाचं नाव घातलं, टेरेन्सची डाव्या हाताने सही घेतली आणि मॉन्टगोमेरीच्या फेडरल कोर्टात जाऊन दाखल केला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. घडलं ते खोटं, असं ते म्हणाले नाहीत. दोन वर्षांची मुदत संपली, एवढंच म्हणाले. शेरीफची चौकशी चालू असली म्हणून मुदत थांबत नाही. कॅप्टनला हे ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल?

गेल्या महिन्यात शेजारच्या लोरेनच्या भावाला त्याच तुरुंगात शिपायांनी मारहाण केली. कॅप्टन तिच्याकडेही येऊन गेला. थोडी वाट पाहते, असं लोरेन म्हणताच व्हर्डेलने तिला गाडीत घातलं आणि थेट लायब्ररीत नेलं.

"टेरेन्स मला विचारतो, आई, तू कशाची वाट बघत होतीस? तुझ्या भावावर हे विचारायची वेळ आणू नकोस. तू लिहायला घे."

बंधुभगिनींनो, वकील नसला तरी न्यायाचं दार ठोठावता येतं. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच शब्दावर थांबू नका. टेरेन्सचा हात आता बरा होणार नाही, आणि तो मोडणारे आजही रोज कामावर जातात.