हरकतीची मुदत

मंगळवारी युक्रेनच्या कोर्टाने दत्तकाचा निकाल दिला आणि ओरिस्या आणि तिचा धाकटा भाऊ ओस्ताप ही अमेरिकेच्या लोर्ना आणि वेंडेल यांची मुलं झाली. पण लगेच नाही. निकालानंतर दहा दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात रक्ताच्या नात्यातल्या कोणालाही कोर्टात येऊन म्हणता येतं, की पोरं आमची आहेत, देणार नाही. कायदा मोठा कनवाळू. सहा वर्षं ज्यांना मुलांची आठवण झाली नाही, त्यांना तो आणखी दहा दिवस देऊन बघतो.

ओरिस्या पंधरा वर्षांची, ओस्ताप तेरा. या वयाची मुलं सहसा कोणी नेत नाही. लोकांना बाळं हवी असतात, आधीची सवय नसलेली. "दुकान बंद होता होता शेवटचा पाव खपावा, तसं तुमचं नशीब," असं अनाथालयाच्या संचालिका येवदोकिया पाव्लिव्हना म्हणायच्या. कौतुकानेच म्हणायच्या.

लोर्ना-वेंडेलनी बाजारात फ्लॅट भाड्याने घेतला होता. रोज दुपारी ते मुलांना पिझ्झा खायला नेत, आणि तिथून त्यांचा दुभाष्या झेनॉन कोर्टात फोन लावे. फोन ठेवून सांगे, "कोणी आलं नाही." मग लोर्ना टाळ्या वाजवी, वेंडेल ओस्तापच्या पाठीवर थाप मारी, आणि दोघं मुलांना आलटूनपालटून मिठ्या मारत. आपल्याला मागायला कोणी आलं नाही, या आनंदात मुलांचा रोज एकेक पिझ्झा संपत असे. माणसं वाईट नव्हती. आनंद कशाचा चाललाय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

"हस की गं," ओस्ताप कोपराने ढोसायचा. "नाहीतर विचारतील पोट दुखतंय का. मग परत त्या गुलाबी गोळ्या."

ओरिस्या हसायची.

निकालाच्याच दिवशी तिने गुपचूप आईला पत्र टाकलं होतं. आई रायिसा चाळीस किलोमीटरवरच्या गावात गाईंच्या गोठ्यावर कामाला होती. तिच्या दारूपायी कोर्टाने मुलांवरचा तिचा हक्क काढून घेतला होता. ओरिस्याने फार लिहिलं नाही. आम्हाला नेतायत. वीस तारखेपर्यंत हरकत घेता येते. खाली कोर्टाचा पत्ता.

जायचं तर तिला होतंच. तिथे स्वतःची खोली मिळणार होती. वेंडेलने फोटो दाखवला होता, खिडकीला जांभळे पडदे होते. फक्त निघताना कोणीतरी अडवावं, असं तिला वाटत होतं. एकदाच, पण जोरात. मग हात सोडवून घेऊन ती गेली असती.

नवव्या दिवशी रायिसा आली. डोक्याला धुतलेला रुमाल, हातात चेरीच्या मुरंब्याची बरणी, आणि पूर्ण शुद्धीत. कोर्टात न जाता ती थेट संचालिकांच्या खोलीत शिरली. तिथे लोर्ना-वेंडेल मुलांचे नवे कपडे घेऊन बसले होते. मूल जातं, संस्थेचे कपडे संस्थेतच राहतात, अगदी बनियनसकट. ही मुलांची आई, असं झेनॉनने सांगताच लोर्ना पांढरीफटक पडली आणि तिने ओस्तापची नवी पँट छातीशी घट्ट धरली.

"बसा, रायिसा इव्हानिव्हना," संचालिका म्हणाल्या. "काय काम काढलंत?"

"काम तुम्हीच काढलंत. पेन द्या."

कोपऱ्यात नवा कोट घालून बघणारी ओरिस्या पुढे सरकली.

"पेन कशाला?"

"सही करायला. पत्रात वीस तारीख लिहिलीय, म्हणजे उद्याच. म्हटलं, आईची सही नसली तर यांचा कागद अडकायचा, पोरं विमानतळावरनं परत यायची. रजा देत नव्हते, भांडून आले."

संचालिकांनी चष्मा काढला. "अहो, ज्यांची हरकत असेल त्यांनी यायचं असतं. तुमची आहे का?"

"नाही हो! म्हणून तर आले."

"मग यायची गरजच नव्हती."

रायिसाला हे पटेना. युक्रेनमध्ये आयुष्य काढलेली बाई ती. तिचं एकही काम सहीशिवाय झालं नव्हतं.

"पोरं काढून नेलीत तेव्हा तीन ठिकाणी सही घेतलीत. आणि पार समुद्रापलीकडे धाडताना एकही नको? मला खुळी समजता? उद्या तुम्हीच म्हणाल, आई आलीच नाही."

शेवटी संचालिकांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही पुढे सरकवली. रायिसाने जीभ दातांत धरून पूर्ण नाव लिहिलं. 'येण्याचं कारण' या रकान्यात लिहिलं, 'परवानगी'. मग म्हणाली, "शिक्का." शिक्क्याशिवाय ती उठेना. संचालिकांनी हाताला लागला तो मारला. तो कोठीतला होता: 'माल मिळाला'.

झेनॉनने भाषांतर करताच लोर्ना रडत रडत रायिसाच्या गळ्यात पडली. रायिसा शिंप्याकडे माप द्यायला उभी राहावी तशी उभी राहिली.

ओरिस्या तिला फाटकापर्यंत सोडायला गेली.

"आई, तुला 'नाही' म्हणावंसं वाटलं नाही?"

"म्हटलं असतं, तर राहिली असतीस?"

"नसते राहिले."

"मग?" रायिसाने तिच्या कोटाची कॉलर सरळ केली. "उगाच सगळ्यांचा खोळंबा. आणि चेरीत बिया आहेत, ओस्तापला सावकाश खा म्हणावं."

प्रवासाला निघण्याआधी घडीभर बसायची रीत आहे. दोघी फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. या रीतीत बोलायचं नसतं, हे त्यातल्या त्यात बरं. मग दोनची बस होती, म्हणून रायिसा उठली.

मुरंबा विमानात नेता येत नाही, असं वेंडेलने प्रेमाने समजावून सांगितलं. बरणी कोठीत जमा झाली.

दहाव्या दिवशी पुन्हा पिझ्झा. झेनॉनने कोर्टात फोन लावला. तिकडच्या बाईने नोंदी चाळल्या.

"मुदत संपली," फोन ठेवत तो म्हणाला. "कोणी आलं नाही."

लोर्नाने टाळ्या वाजवल्या.

"आली होती," ओरिस्या म्हणाली.

झेनॉनने याचं भाषांतर केलं नाही. "कागदावर नाही," तो हळूच म्हणाला, आणि मिरपूड मागितली.

ओस्तापने कोपराने ढोसलं. त्याची गरज नव्हती. ओरिस्या आधीच हसत होती.