साठ हिरवी लेबलं

मित्रांनो, मी एक जुनी आणि मुळातच भित्री लेबल मशीन आहे. किराणा दुकानात गल्ल्याशेजारच्या खिळ्याला लटकते. माझी दांडी दाबली की 'खट' असा आवाज होतो आणि पुडीवर लेबल बसतं. एवढंच माझं काम. हसू नका, पण त्याचीच मला धडकी भरते.

कारखान्यातून आले तेव्हा मी लालचुटुक होते. आता रंग उडाला आहे आणि दांडीला सुतळी गुंडाळली आहे. कित्येक वर्षं मी फक्त तारखा मारल्या, तेव्हा निर्धास्त होते. मग बाजारात जीएम, म्हणजे बियाण्याच्या जनुकांत बदल करून पिकवलेलं धान्य येऊ लागलं. ते चांगलं की वाईट यावर गिऱ्हाइकं तावातावानं भांडू लागली. आमचे मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्या वादात पडले नाहीत. त्यांनी दारावर पाटी लावली, 'काय खायचं ते तुम्ही ठरवा. त्यात काय आहे ते आम्ही सांगू.' जीएम असेल तर पिवळं लेबल, नसेल तर हिरवं.

पाटीचं फार कौतुक झालं. लोक लांबून येऊ लागले. मला मात्र एकच प्रश्न पडला. तारीख चुकली तर पुसून नवी मारता येते, पण हे चुकलं तर काय?

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दर आठवड्याला येत. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. पुडी डोळ्यांशी नेऊन त्या नुसता रंग बघत आणि म्हणत, "हिरवं आहे ना आप्पा? मग माझं वाचून झालं." ते ऐकलं की माझी स्प्रिंग आकसायची.

प्रत्येक पोत्याबरोबर तारीख घातलेली एक चिठ्ठी येते. ती तारेत सगळ्यात पुढे ओवायची, आप्पांनी वाचायची आणि मगच मला हात लावायचा, अशी आमच्याकडची रीत. गेल्या महिन्यात ओवायचं काम नव्या सूनबाईकडे आलं. मोठी गुणी मुलगी. जुना माल पुढे, नवा मागे, हा दुकानदारीचा पहिला धडा तिनं असा काही मनावर घेतला, की चिठ्ठ्याही तशाच ओवल्या.

पहिल्याच दिवशी मक्याच्या पिठाचं नवं पोतं आलं. आप्पांनी सगळ्यात पुढची चिठ्ठी वाचली, 'मका, जीएम नाही.' ती मागच्या पोत्याची होती. मी तारेच्या बाजूलाच लटकते, मला मागची दिसत होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मका, जीएम आहे.'

मित्रांनो, मला बोलता येत नाही. आप्पांनी हिरवा रोल भरला. ते दांडी दाबत गेले. साठ वेळा 'खट' झालं. दुपारी बाई आल्या, रंग बघितला आणि दोन पुड्या घेऊन गेल्या. त्या वळल्या तेव्हा खिळ्यावरून निसटून पडावं असं मला वाटलं.

दिवेलागणीला सूनबाई भरलेली तार रिकामी करायला बसली आणि एक चिठ्ठी हातात घेऊन उठली.

"आप्पा, मक्याची नवी चिठ्ठी मागे राहिली."

"मागे कशी राहील?"

"जुनं पुढे, नवं मागे. तुम्हीच सांगितलं होतं."

आप्पांनी ती चिठ्ठी वाचली. मग फळीवरच्या पुड्यांची लेबलं सोलू लागले. सोलता सोलता म्हणाले, "ह्या बदलू. गेल्या त्या गेल्या. कुणाला कळतंय?"

माझा जीव टांगणीला लागला. आता मी कायमची खोटी ठरणार होते.

"बाईंनी रंग बघून घेतलंय, आप्पा," सूनबाई हळूच म्हणाली.

"तोंडघशी पडेन गं मी."

"मीही येते बरोबर."

तिनं मला खिळ्यावरून काढलं, पिवळा रोल भरला आणि पिशवीत टाकलं. दोघं बाईंच्या घरी गेली. बाईंनी दार उघडलं. आप्पांनी दारातच सगळं सांगून टाकलं. मी पिशवीतून ऐकत होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक पुडी फोडली मी. पीठ चांगलं आहे. पिवळं असतं तरी कदाचित घेतलं असतं. पण ते मी ठरवायचं होतं ना, आप्पा?"

आप्पांनी मला पिशवीतून काढलं. दुसरी पुडी पुढे आली. 'खट.' हिरव्यावर पिवळं बसलं.

बाकी विकल्या गेलेल्या पुड्यांसाठी आप्पांनी स्वतःच्या हातानं माफी लिहून पाटीखाली लावली. नवी चिठ्ठी आता पुढे ओवली जाते. बाई अजून येतात, बोलतात, हसतात. पण येताना पर्समध्ये भिंग घेऊन येतात आणि प्रत्येक पुडीवरचं अक्षर न् अक्षर वाचतात. 'माझं वाचून झालं' असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

मित्रांनो, उद्या माझ्यासारखी एखादी मशीन तुमच्या हाती आली, तर आधी पुढची चिठ्ठी उलटून मागचीही बघा. तिची तारीख बघा. मला ओरडता येत नाही हो.