ओढून बघ

पक्क्याने परांचीच्या बांबूंना सुंभाचा शेवटचा वेढा टाकला, टोक आत खोचलं आणि घाम पुसायला मान वर केली. घुमट आता हाताच्या अंतरावर होता. खालून शर्टाच्या बटणाएवढ्या दिसणाऱ्या रंगवलेल्या चांदण्या इथे ताटाएवढ्या होत्या. बाप रे! उभी हयात परांच्या बांधण्यात गेली, पण प्रार्थनागृहात, तेही इतक्या उंच, तो पहिल्यांदाच चढला होता.

खरं तर आत पाऊल टाकायलाच त्याचं मन धजत नव्हतं. धाकटा मेहुणा तीन आठवडे दवाखान्यात पडून होता आणि आज दुपारी त्याच्या कण्याची शस्त्रक्रिया होती. सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली होती,

"अहो, देवाकडे मागून मागून माझं तोंड दुखलं. आज तुम्ही मागा. त्याच्याच घरी तर कामाला आहात!"

तो हो म्हणाला. पण मागणार कुठल्या तोंडाने?

परांचीवाल्यांचा एक नियम असतो. एकाने बांधलेली गाठ दुसऱ्याने ओढून बघायची, त्याशिवाय तिच्यावर पाय ठेवायचा नाही. तीन आठवड्यांपूर्वी, दुसऱ्या एका कामावर, हाताखालचा मेहुणा ओढायला गेला, तर पक्काच गुरकावला होता, "माझी गाठ ओढतोस? मला पक्का म्हणतात ते काय उगाच?" बिचारा ओशाळून हसला आणि त्याने पाय ठेवला. गाठ सुटली आणि तो खाली कोसळला. लोक धावत आले तेव्हा पक्क्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "बांबू किडका होता." तेच मग बायकोला सांगितलं, मेहुण्यालाही. त्याने ते खरं मानलं.

ज्या तड्याच्या दुरुस्तीसाठी ही परांची होती, तो बघायला पक्का पुढे सरकला. घुमटाच्या कडेने चुन्यात घडवलेल्या पानांची रांग होती. खालून त्यांची फक्त खालची बाजू दिसे. पण वरच्या बाजूलाही, जी खाली उभ्या माणसाला जन्मात दिसायची नाही, शिरा कोरल्या होत्या. केसाएवढ्या बारीक, पानापानावर. एका पानाला तर अळीने खाल्लेलं भोकसुद्धा होतं.

"अरे बाबा, हे कुणासाठी केलंस?" तो त्या कधीच्या मेलेल्या कारागिराला म्हणाला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्याच्यासाठी केलं, त्याला हे दिसत होतं. मग ती गाठही दिसलीच असणार. तीन आठवडे देव सगळं बघत होता, आणि तरीही त्याने आज या हातांना इथवर येऊ दिलं होतं.

पक्का बांबूवर बसला. दोन्ही हात जोडायची सोय नव्हती, एक हात धरायला लागतोच. दुसरा त्याने छातीशी नेला.

"देवा, गाठ माझी होती. बांबू चांगला होता. तू मला ओढून बघ. पण दया कर. त्याच्यावर कर... आणि माझ्यावरही कर रे."

तेवढ्यात वीस वर्षांपासूनचा जोडीदार बुटका धापा टाकत वर आला.

"कुणाशी बडबडतोयस?"

"ही माझी गाठ ओढून बघ."

"तुझी?" बुटका हसला. "सुंभ जळला तरी ज्याचा पीळ जायचा नाही, तो तू म्हणतोस हे?"

"ओढ म्हणतो ना. आणि ऐक, त्या दिवशी बांबू किडका नव्हता."

बुटक्याचं हसू मावळलं.

"ठाऊक आहे. तो पडल्यावर तो बांबू मीच उचलून ठेवला होता. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

पक्का उतरायला वळला.

"कुठे?"

"दवाखान्यात. त्याला आत नेण्याआधी सांगतो."

"थांब." बुटक्याने त्याचा दंड धरला. "उतरणार हिच्यावरूनच ना?"

त्याने दोन्ही हातांनी गाठ पकडली आणि सगळं वजन मागे टाकलं. सुंभ करकरला. पक्का श्वास रोखून आपल्याच गाठीकडे बघत राहिला.