सीलबंद पाकिटातला हिरा

मूर्तिजापूरच्या सराफा ओळीत उस्मानचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली एक खोबण. एक माणूस मांडी घालून बसला की दुसऱ्याला पायरीवरच टेकावं लागे. खडे जडवायचं काम त्याच्या घरात आजोबांपासून होतं. पण लागोपाठ दोन साल पावसानं दगा दिला, कापसाची बोंडं सुपारीएवढी होऊन राहिली आणि उस्मानचं काम उलटं झालं. ज्या बाया आधी सोनं आणून त्यात खडे बसवून घ्यायच्या, त्याच आता तेच दागिने घेऊन येत आणि खडे काढून द्या म्हणत. खड्यासकट सोनं सराफ तोलत नाही. मग ज्या हातानं कोंदण भरलं त्याच हातानं ते उचकटायचं. उस्मान काढलेला एकेक खडा कागदाच्या पुडीत बांधून परत देई, भले तो काचेचा का असेना. बाया पुडी उघडून पाहतसुद्धा नसत. दागिना त्याच्या हातात दिला की त्या भाजी आणायला, डॉक्टरकडे, कुठंही निघून जात. पावती म्हणून काही प्रकार त्या दुकानात कधी नव्हता.

हे नाव एवढीच त्याची कमाई होती म्हणा. बाकी शिल्लक काही नव्हतं. पोरगी कहकशाँ अकोल्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, तिचं लग्न तिथल्याच एका घरी ठरलं होतं, आणि खर्चाचं काय, असं बायकोनं, जहाँआरानं, विचारलं की उस्मान म्हणे, "होईन बंदोबस्त." वर्षभर तो हेच म्हणत होता. कसा होईल ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

अशात मार्गशीर्षाच्या तोंडावर सहदेव आला. सहदेवचा मळा दर्यापूरच्या रस्त्यावर. विहिरीला पाणी टिकलेलं, म्हणून कापसाच्या नादी न लागता तो झेंडू, शेवंती, निशिगंध लावी. त्या सालात आजूबाजूचे हवालदिल झाले तरी सहदेवचं बरं चाललं होतं. लग्न असो की मयत, हार लागतोच, आणि तेव्हा दुसऱ्या प्रकारची मागणी जास्त होती. सहदेव हे कुणाजवळ बोलत नसे, पण त्याला ते सलत असे.

"उस्मानभाई, मोनालीचं जमलं," तो पायरीवर टेकत म्हणाला. "पोरगा नागपूरचा हाय. जावयाले हिऱ्याची अंगठी करा लागते म्हणे. सोनं माह्याजवळ हाय. हिरा पायजे."

"अमरावतीले पाह्यला का?"

"पाह्यला. भाव आयकून पानी पिऊन परत आलो. आता मोनाली म्हन्ते, ऑनलाइन लिलावात घेऊ. मी म्हटलं, उस्मानभाईनं पाह्यल्याशिवाय आपून हिऱ्याले हात लावत नाई."

उस्मानला ते ऐकून जे बरं वाटलं ते सांगायला शब्द पुरणार नाहीत. दोन वर्षांत खरा हिरा त्याच्या चिमट्यात आला नव्हता.

मोनाली अमरावतीला इंजिनिअरिंग शिकत होती. पोरीनं काम असं पक्कं केलं की बँकेच्या मॅनेजरनं तिच्याकडून शिकावं. विकणाऱ्याचा आधीच्या गिऱ्हाइकांनी काय अनुभव लिहिलाय तो पाहिला. हिऱ्याच्या सर्टिफिकेटवरचा नंबर ज्या प्रयोगशाळेनं दिला तिच्याकडे तपासला, तो खरा निघाला. पैसे थेट विकणाऱ्याला नाहीत, लिलाववाल्या साइटकडे अडकून राहणार, माल पसंत पडला तरच पुढं जाणार, हेही पाहून घेतलं. मग एका रविवारी बोली लावली. शेवटच्या दहा मिनिटांत सुरतेचा की कुठला कोणी सारखा वर चढत होता, आणि सहदेव शेवंतीच्या वाफ्यात उभा राहून फोनवर लेकीला, "चढ, अजून चढ," म्हणत होता. हिरा मिळाला. अमरावतीच्या भावाच्या निम्म्याहून थोडा वर, एवढ्यात.

एकच अट राहिली होती. हिरा प्लास्टिकच्या कार्डात सीलबंद येणार. माल परत करायचा झाला तर सील शाबूत पाहिजे, नाहीतर कुरिअरचं पाकीट फोडण्यापासून सील कापून हिरा तपासण्यापर्यंतचा सलग व्हिडिओ पाहिजे. सहदेवच्या मळ्यावर कुरिअर जात नसे, म्हणून पत्ता उस्मानच्या दुकानाचा दिला. उस्मानचा फोन साधा, बटनांचा. तेव्हा मोनालीनं कहकशाँलाच फोन करून समजावलं. कहकशाँनं बापाला बजावलं, "अब्बा, मी कॉलेजातून आल्याशिवाय त्याले हात लावू नका. मी मोबाइलवर शूटिंग घेतो, मंग फोडा." या घरात उर्दू आणि वऱ्हाडीची अशी सरमिसळ होती की कोणतं वाक्य कशात सुरू झालं ते बोलणाऱ्यालाच कळत नसे.

उस्मान हसला. आजवर त्याच्या हातावर कुणी पहारा बसवला नव्हता. पोरींच्या डोक्यातलं काहीतरी खूळ, असं त्याला वाटलं, आणि थोडं लागलंही.

पाकीट आलं बुधवारी, साडेअकराला. कहकशाँ येणार चारच्या गाडीनं. आणि थंडीच्या दिवसांत उस्मानच्या पायरीवर उजेड असे तो बारा ते दोन. मग समोरच्या लॉजची सावली पडे आणि खडा पाहण्यात अर्थ राहत नसे. दिव्याच्या उजेडात हिरा पाहायचा नाही, हे त्याच्या बापानं त्याला कान पिळून शिकवलं होतं. दिवा काचेलाही चमकवतो. उस्माननं पाकीट मांडीखाली ठेवलं. नमाजला जाऊन आला. बाहेरचं पाकीट फोडून कार्ड नुसतं वरवर पाहिलं. सील व्यवस्थित, नंबर बरोबर, आत तो इवलासा हिरा. पण प्लास्टिकमधून काय कळणार. जडणाऱ्याचं पाहणं डोळ्यानं निम्मं आणि तोंडानं निम्मं. खडा चिमट्यात धरून त्यावर तोंडाची वाफ सोडायची. खऱ्या हिऱ्यावर ती ठरत नाही, नजर वळायच्या आत निघून जाते. वाफ दिल्याशिवाय त्याच्या घरात कोणी कधी खडा कोंदणात घातला नव्हता. दीड वाजला. सावली पायरीच्या टोकाशी आली. उद्या ढग आले तर, असं मनात आलं आणि त्यानं पातळ पात्यानं सील कापलं.

इतकं साफ कापलं की कार्डाची कड जराही उचकटली नाही. सवयीचा हात.

हिऱ्यावर वाफ सोडली. ती बसून राहिली. त्यानं मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार, तेव्हा कुठं ती विरली. त्यानं खडा फडक्यानं पुसला आणि पुन्हा वाफ दिली. पुन्हा तेच. भिंग डोळ्याला लावून खड्याच्या कडेवर कोरलेला सर्टिफिकेटचा बारीक नंबर शोधला. नंबर नव्हता. पैलूंच्या धारा बोथट, वापरलेल्या साबणासारख्या. अमेरिकन डायमंड. बाजारात दोनशे रुपयांना मूठभर मिळतो तो. सर्टिफिकेट खऱ्या हिऱ्याचं, सील कोणीतरी बनवलेलं, आणि आत हे.

सावली दुकानात आली तरी उस्मान तसाच बसून होता. मग त्याच्या मनात जे आलं ते आपण लपवून ठेवू नये, कारण त्यानंही पुढं स्वतःपासून लपवलं नाही. हा खडा गुपचूप जडवून टाकला तर? सर्टिफिकेट आहे. नागपूरचा जावई काही भिंग घेऊन बसणार नाही. सहदेवभाऊ खूश, मोनाली खूश, आपलं नाव जागच्या जागी. दहा मिनिटं हा विचार त्याच्यासोबत बसला. मग त्याला स्वतःची किळस आली आणि त्यानं खडा पुडीत बांधला.

कहकशाँ आली तेव्हा कापलेलं कार्ड समोरच पडलं होतं. तिनं दप्तरही उतरवलं नाही.

"अब्बा, तुमी थांबले काहून नाई?"

"उजेड चालला होता, बेटा."

तिनं कार्ड उचललं, कापलेली कड बोटानं चाचपली आणि परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मान जीपमध्ये बसून मळ्यावर गेला. मोनाली रात्रीच आली होती. त्यानं ओसरीवर बसून घडलं ते सगळं सांगितलं, वाफेचं, भिंगाचं, उजेडाचं. सहदेवची बायको शालू चहाची कपबशी हातात धरून उभीच राहिली. मोनालीनं एकच विचारलं, "काका, व्हिडिओ?"

"नाई काढला."

"कोणी होतं का दुकानात तवा?"

"नाई."

सहदेव हारासाठी निवडलेल्या फुलांकडे पाहत होता. मग म्हणाला, "तुमी म्हन्ता तं तसंच असन." बोलणं बिलकूल सभ्य होतं. पण एरवी तो उस्मानला जीपपर्यंत सोडायला येई, त्या दिवशी आला नाही. शालूनं मात्र चहा घ्यायला लावला.

लिलाववाल्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं. सील कापलेलं, व्हिडिओ नाही, तक्रार मान्य नाही. विकणाऱ्यानं उलट लिहिलं होतं की माल कोणाच्या हातात गेला ते त्यांनीच तपासावं. मोनालीनं कार्ड आणि खडा अमरावतीच्या एका सराफाला दाखवला. तो म्हणाला, खडा खोटाच आहे, पण हे कापणं सराईत हाताचं आहे, आणि खडे बसवणाऱ्या जडियाला खडा बदलायला कितीसा वेळ लागतो. एवढंच म्हणाला. तो काही खोटं बोलला नव्हता. पण ते वाक्य अमरावतीहून दर्यापूर, दर्यापूरहून मूर्तिजापूर असं आलं, आणि येता येता त्याला हातपाय फुटले.

पोलिसांत कोणी गेलं नाही. गेलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी तोंडावर विचारलं असतं. इथं कोणी विचारत नव्हतं. ओळीतले सराफ रामराम घालत होते, पण हातात काम देत नव्हते. आठ दिवसांनी पार्बताबाई आली. वीस वर्षांची गिऱ्हाईक. नातवाच्या दवाखान्यासाठी कानातल्या कुड्या मोडायच्या होत्या. उस्माननं हात पुढे केला. तिनं कुड्या दिल्या आणि पायरीवर बसली.

"बजार करून या ना, मावशी. टाइम लागन."

"बसतो मी इथंच," पार्बताबाई म्हणाली. खाली पाहतच म्हणाली. बिचारीला स्वतःलाच लाज वाटत होती. ती पाऊण तास त्याच्या बोटांकडे पाहत बसली, आणि तीस वर्षांत कधी न चुकलेला हात त्या दिवशी दोनदा घसरला. पुडी दिली तर तिनं ती उघडली, मोती मोजले, मग कनवटीला लावली.

त्या आठवड्यात अकोल्याहून निरोप आला की घाई कशाला करायची, लग्न उन्हाळ्यानंतर पाहू. कारण सांगितलं नाही. जहाँआरानं भांडी आपटत स्वयंपाक केला आणि जेवताना ती उस्मानला म्हणाली, "मले मालूम हाय तुमी नाई केलं. जगाले काय सांगाचं ते तुमीच सांगा." ती त्याच्या पाठीशी होती, एवढा एक आधार. कहकशाँनं जेवण अर्धं टाकलं होतं, कॉलेजला जाणंही बंद केलं होतं. परीक्षेचा अभ्यास घरी करते म्हणे. उस्मानला वाटलं, लग्न लांबल्याचं दुःख असेल.

शुक्रवारी तो नमाजहून परतला तेव्हा जहाँआरा शेजारी गेलेली होती. कहकशाँ दारातच थांबली होती. तिनं दार लावून घेतलं.

"अब्बा, एक बोलू? तुमी गुस्सा नाई करान ना?"

"बोल."

"मले त्या लग्नाचं काईच नाई. झालं तं झालं, नाई तं नाई." तिचा आवाज बारीक पण पक्का होता. चार दिवस तिनं हे घोकलं असावं. "तुमी म्हणत होते, होईन बंदोबस्त. मले समजलं, अब्बा. माह्यासाठीच केलं तुमी. मी कोनाले नाई सांगणार. अम्मीलेबी नाई."

उस्मानला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"मी उद्या मळ्यावर जातो," ती भराभर बोलत होती. "थो हिरा शालूकाकूच्या हातात देतो. म्हन्तो, दुकान झाडताना फटीत भेटला, अब्बांच्या हातून पडला असन, थो खोटा खडा दुसऱ्याच कामाचा होता, त्याईच्या ध्यानात नाई आलं. काकू मानतीन. मंग कोनी काई नाई म्हणणार तुमाले. काढून द्या, अब्बा." तिनं हात पुढे केला.

तिनं सगळा विचार करून ठेवला होता. बापाला वाचवायची वाट तिनं रात्र रात्र जागून शोधली होती, आणि त्या वाटेच्या सुरुवातीलाच तो चोर आहे हे धरून ठेवलं होतं. सहदेवनं धरलं, सराफांनी धरलं, ते त्यानं कसंबसं पचवलं होतं. ही त्याच्या मांडीवर बसून काचेचे खडे रंगाप्रमाणे लावायला शिकलेली पोर. तिचा राग येईना. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तिरस्कार नव्हता, नुसती माया होती, आणि तेच त्याला सोसेना.

"नाई घेतला बेटा मी," तो म्हणाला. "अल्ला कसम, नाई घेतला."

कहकशाँनं लगेच मान डोलावली. हो अब्बा, म्हणाली. ओढणीनं डोळे पुसले आणि पुन्हा हळूच त्याच्यापुढं हात पसरला.