कोपऱ्यातले पाच चिंचोके

आमच्या कॉलनीत म्हणतात, लताबाईच्या तोंडाला लागू नये. खरंच आहे ते. रॉकेलच्या रांगेत मध्ये घुसणारा माणूस माझं तोंड आठ दिवस विसरत नाही. पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली ती बसलीच.

ब्याऐंशी सालची गोष्ट. आई सिन्नरकडच्या आमच्या गावाहून मोतीबिंदू दाखवायला आली होती. अजून पिकला नाही म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. आई हिरमुसली, म्हणून मी तिला गोल्फ क्लबच्या मैदानावर नेलं. तिथं हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं. तिला दिसायचं नाही, पण कापड हातात आलं की सगळं कळायचं, अगदी ते किती पाण्यातून निघालंय तेसुद्धा. येवल्याच्या पैठण्यांवरून तिनं हात फिरवला. सुरगाण्याहून आलेल्या फुलाबाईच्या बांबूच्या टोपल्या टिचक्या मारून पाहिल्या, वर तिच्याकडे यंदाच्या नागलीच्या पिकाची चौकशीही केली. मला बरं वाटलं.

पुढच्या मांडवात शिरले. समोर कनातीवर आमची वाकळ टांगलेली.

वाकळ म्हणजे गोधडीच. माझ्या लग्नात आईनं शिवून दिलेली. कडेनं माझ्या वडिलांचा, आबांचा गुलाबी फेटा, आणि मधोमध आईनं धम्मदीक्षेला नेसलेल्या पांढऱ्या लुगड्याचा चौकोन. ती मी ट्रंकेत जपून ठेवलीय असं आईला सहा वर्षं सांगत होते. खरं काय ते सांगते. यांना नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि गॅलरीत वाळत घातलेल्या वाकळेची मला लाज वाटायला लागली. शेजारीण एकदा हसली, तर मी दुसऱ्याच दिवशी ती बोहारणीला देऊन कडीचा स्टीलचा डबा घेतला. आई आली की त्याच डब्यातला चिवडा तिच्यापुढं ठेवायची. आई विचारायची, ऊन दाखवतेस ना गं तिला? मी म्हणायची, दर दिवाळीला. निर्लज्ज कुठली!

आणि आता ती इथं ट्यूबलाइटखाली. शेजारी पाटी, हात लावू नये. मी आईचा दंड धरला, पुढं मातीची भांडी छान आहेत म्हटलं. पण जुन्या सुताचा वास तिला लागला होता. माझा हात सोडवून ती पुढं झाली. मांडव सांभाळणाऱ्या खादीच्या साडीतल्या बाई रागावतील, तेवढं तरी बरं होईल, असं मला वाटलं. त्या उलट कौतुकानं म्हणाल्या, पाहू द्या आजींना.

आईची बोटं टाक्यांवरून फिरू लागली. कडेनं फेट्यावर, मग आत, मग मधल्या चौकोनावर. तिथं थांबली. मी मनाशी म्हणत होते, नाही कळणार, टाके सगळ्या बायकांचे सारखेच. मग तिनं खालचा उजवा कोपरा चाचपला.

माझी आजी दुष्काळात चिंचोके खाऊन जगलेली. पांघरूणसुद्धा उपाशी ठेवू नये, असं तिचं म्हणणं. म्हणून वाकळ संपवताना शेवटच्या कोपऱ्यात ती पाच चिंचोके शिवून टाकायची. आईनंही तेच चालवलं. आजूबाजूच्या गावांत दुसरं कुणी असं करत नाही.

आईनं कोपरा चिमटीत धरून एकेक चिंचोका मोजला. पुन्हा मोजला. लते, बोल, तिचे पाय धर, असं मी स्वतःला सांगत होते. शेवटी आईला नाही, त्या बाईंनाच विचारलं, ही विकत मिळेल का? त्या म्हणाल्या, गेली ती, मुंबईच्या एकांनी घेतली, उद्या न्यायला येतील. एवढ्यावर थांबल्या असत्या तर! पण त्या सांगतच राहिल्या, की ही जुन्या कपड्यांच्या बाजारात सापडली, अशा वस्तू लोक भांड्यावर देऊन टाकतात. मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं. आईनं सगळं ऐकलं.

मग बाईंनी तिला विचारलं, आजी, तुम्हीही शिवायच्या का?

आईनं कोपरा हळूच सोडला.

"शिवली व्हती एक," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या ट्रंकंत हाय. लय जपती ती."

बाई माझ्याकडे बघून हसल्या, नशीबवान आहात म्हणाल्या. मी मान हलवली. आईनं चाचपडत माझा हात शोधला आणि बस चुकेल म्हणून मला बाहेर आणलं.

आई त्यानंतर सात वर्षं जगली. दर दिवाळीला यायची, त्याच डब्यातला चिवडा खायची. तिनं एकदा जरी विचारलं असतं, तरी मी सगळं सांगून रडले असते. पण वाकळेला ऊन दाखवलंस का, हे तिनं पुन्हा कधीच विचारलं नाही.