वेळेआधी झिजलेला बेअरिंग

मी सायकलच्या पोटातून बोलत आलो आहे. आता खिडकीतून बोलतोय. मी एक बेअरिंग. पायडल जिथे सांगाड्याला जोडलेले असतात, त्या नळीत आमचा जोड बसवतात. दुकानात त्याला बीबी म्हणतात. आत अंधार असतो. पायडल फिरले की आम्ही फिरतो, एवढंच आमचं आयुष्य. ते काही वर्षं चालतं. माझं एक पावसाळाही चाललं नाही.

नागावच्या निकेतने मला बसवून घेतलं, तेव्हा माझे छर्रे चकचकीत होते. ती जाड टायरची, खडी-वाळूवर चालणारी ग्रॅव्हल सायकल त्याच्या थोरल्या भावाची, सुजितची. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून तो पर्यटकांना फिरवायचा. एका संध्याकाळी भरती आली आणि तो परतला नाही. सायकल मात्र उथळ पाण्यात उभी सापडली. कशाला टेकलेली नव्हती.

आता पर्यटकांना निकेत नेतो. परतल्यावर वाळू काढायला तो गाड्या धुण्याचा पंप थेट माझ्यावर रोखायचा. माझं ग्रीस गेलं, खारं पाणी शिरलं. मी वाजू लागलो. कटक... कटक.

तो आवाज वाडीच्या वाटेवर आला की त्याची आई रखमा दार उघडायची.

"सुजित आला," म्हणायची, आणि मगच ताटावर बसायची. सुजितचे दिवस घालायचं नाव कुणी काढलं की ती ऐकून घ्यायची नाही. "रोज येतो त्याचे दिवस कसले घालता?"

निकेत खरं सांगायचा नाही. आई जेवते तरी, म्हणून.

पण पायडल अडखळायला लागले, तेव्हा तो धर्माभाऊंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेला.

"परत? बीबी खातोस का काय तू?" धर्माभाऊ म्हणाले. "तो पंप नारळाला मार रे!"

"वाजायला लागल्यापासनं पंप लावलाच न्हाय, भाऊ. देवाशपथ."

धर्माभाऊंनी मला बाहेर काढलं. मग सीटचा दांडा उपसला आणि सायकल उलटी केली. नळीतून पाणी आलं. येतच राहिलं. एवढ्याशा सांगाड्यात मावेल त्याहून जास्त. धर्माभाऊंनी ओलं बोट जिभेला लावलं आणि खारट लागताच थुंकले. त्यांची थट्टा तिथेच थांबली. त्यांनी खाली पाणी निचरायला भोक पाडलं, नवा जोड बसवला आणि पैसे न घेता म्हणाले, "काळोख पडायच्या आत घरी जा."

निकेतने मला रुमालात बांधून खिशात टाकलं. सायकल बिनआवाजाची चालली.

रखमा चुलीपाशीच बसून होती. दार बंद.

"आई, मी आलो."

"तू कंदी आलास? वाजला न्हाय तो."

निकेतने रुमाल सोडला. त्याने मला तिच्या तळव्यावर ठेवलं. "हाच वाजायचा, आई. दादा न्हाय. मला आधीच सांगायला पायजे होतं, पण तू जेवली नसतीस."

तिने मला बोटाने फिरवलं. कटक. पुन्हा फिरवलं. मग सुजितसाठी वाढलेलं ताट तिने निकेतपुढे सरकवलं.

"जेव. भात थंड होईल. उद्या भटजींना बोलवून घे."

सुजितचे दिवस झाले. रखमा आता वेळेवर जेवते, वाटेवर काही वाजलं तरी मान वर करत नाही. मला तिने खिडकीत ठेवलंय. गंजाने माझे छर्रे एकमेकांना चिकटले आहेत. मी आता फिरूच शकत नाही.

तरी भरती लागली की वाडीच्या वाटेवर माझा आवाज येतो. सायकल पडवीत असते, निकेत ताटावर. त्याचा घास हातातच राहतो. तो आधी माझ्याकडे बघतो, मग दाराकडे. बेअरिंगच तो, असं स्वतःला समजावून तो दार उघडायला उठू लागतो.

माझं त्याला ऐकू जात नाही. तुम्ही नागावला गेलात तर एवढं सांगा त्याला: दार उघडू नकोस. तो मी नाही.