वळून बघायचं नाही

नाटे गावच्या मासळीबाजारात गुणवंतीचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक तिचा आवाज, जो पार जेटीपर्यंत पोचायचा. आणि दुसरी म्हणजे तिला आजवर कोणी दुकानदार फसवू शकलेला नव्हता. निदान ती तरी तसं सांगायची.

कांदेबटाटे असोत, साडी असो, नाहीतर पत्र्याचे खिळे असोत, खरेदीची तिची तऱ्हा ठरलेली होती. भाव विचारायचा, नाक मुरडायचं, बराच खाली येऊन काहीतरी आकडा बोलायचा आणि उठून चालू लागायचं. एकदा चालू लागल्यावर वळून बघायचं नाही. वळून बघितलं की दुकानदाराला कळतं, हिला माल हवाय. नाही बघितलं, तर सातव्या पावलाच्या आत मागून हाक येते. यायलाच पाहिजे, कारण ती स्वतः पाटी घेऊन बसायची तेव्हा निघालेल्या गिऱ्हाइकाला सातव्या पावलाच्या आत हाक मारायची. तीस वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता, आणि त्या शनिवारी तोच हिशेब पदरात बांधून ती लेकीबरोबर रत्नागिरीला लॅपटॉप घ्यायला निघाली.

लेक रुचिरा. सिव्हिलचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती. डिप्लोमाची ड्रॉइंगं तिने वेदिका नावाच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर केली. वेदिका मुंबईला गेली तसा लॅपटॉपही गेला. दोन वर्षांत तिने मोबाइलवरूनच चाळीस ठिकाणी अर्ज टाकले. एकोणचाळीस जणांनी उत्तर दिलं नाही. चाळिसाव्याने दिलं. पुण्याची कंपनी, इमारतींचे नकाशे काढायचं काम, पहिले सहा महिने घरूनच. अट एकच: लॅपटॉप स्वतःचा हवा, सोळा जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. सोमवारी सकाळी साडेनऊला कॅमेऱ्यासमोर तो दाखवायचा, की काम सुरू. नाही दाखवला, तर यादीतल्या पुढच्या मुलीला फोन जाणार.

ही नोकरी हुकली तर पुढे काय, ते मायलेकींनी एकमेकींना कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. दोन वर्षं रुचिरा आईशेजारी बाजारात बसत होती, बांगड्याचे वाटे लावत होती, आणि आता गिऱ्हाइकं तिलाही 'काय गो, कसे दिलेस?' असं विचारायला लागली होती. गुणवंतीला ते ऐकवत नसे. स्वतःच्या धंद्याची तिला लाज नव्हती, पण लेकीने शिकूनसवरून पुन्हा त्याच पाटीवर यावं, हे तिच्या जिवाला लागत होतं. भिशीचे अडतीस हजार पाचशे तिने ब्लाउजच्या आत पिशवीत बांधून घेतले ते त्यासाठीच.

पहाटेच्या गाडीने दोघी निघाल्या. गुणवंतीचा आग्रह होता, दुकान उघडायच्या आधी दारात हजर व्हायचं. "भवानीचा गिऱ्हाईक कोण परत धाडीत नाय," ती म्हणाली. दिवसाची पहिली विक्री मोडली तर सगळा दिवस वाया जातो, हे तिला ठाऊक होतं, आणि दुकानदारालाही ठाऊक असणार अशी तिची खात्री होती.

तिथे ती चुकली नाही. मारुती मंदिरापासून जरा आत असलेल्या त्या दुकानाचे मालक म्हणजे साठी ओलांडलेले दाजी. सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायचं. त्यांनी शटर वर केलं, देवाला उदबत्ती ओवाळली, आणि दारातल्या मायलेकींना बघून त्यांचा चेहरा फुलला. "या ताई, या. भवानी तुमच्याच हातची."

दाजींचा पुतण्या भावेश काउंटरवर होता. रुचिराने त्याला कागदावर लिहून आणलेली अट दाखवली. "पहिली नोकरी आहे," ती म्हणाली, आणि म्हणताना तिचे कान लाल झाले. दाजींनी कौतुकाने मान हलवली. भावेशने आधी नवे लॅपटॉप दाखवले. पस्तीस हजारांचा होता, पण त्यात आठच जीबी. अटीत बसणारा नवा होता, तो साठच्या पुढे. मग आतून त्याने एक करडा लॅपटॉप आणला. कुठल्याशा कंपनीने वर्षभर वापरून परत केलेला, तपासून, साफसूफ करून पुन्हा विकायला ठेवलेला. रॅम सोळा, ग्राफिक्स कार्ड वेगळं, वर्षाची हमी. रुचिराने तो सुरू केला, दोन-चार ठिकाणी दाबून बघितलं, आणि आईकडे बघून हळूच मान डोलावली.

"आये, याला रिफर्बिश्ड म्हणतात."

"म्हंजे बर्फातला, ताजा नाय," गुणवंती म्हणाली.

भावेश हसला. गुणवंती हसली नाही. सुरमईचे कल्ले वर करून बघावेत तसा तिने लॅपटॉपचा पडदा वरखाली करून बघितला, कडेला बोट फिरवलं, वास घेण्याचं तेवढं बाकी ठेवलं. कोपऱ्यात एक बारीक चरा होता. तो तिने लगेच धरून ठेवला. "कितीक?"

"एक्केचाळीस," भावेश म्हणाला. "असा हा एकच उरलाय."

एकच उरलाय, हे वाक्य गुणवंती स्वतः दिवसातून वीस वेळा म्हणायची. त्यामुळे तिने ते कानाआड केलं. "बर्फातल्याचे एक्केचाळीस? वर हा चरा. छत्तीस देते."

"आये..." रुचिरा कुजबुजली. "अडतीस सांग ना. सरळ सांग, आमच्याकडे एवढेच आहेत म्हणून."

गुणवंतीने टेबलाखाली तिचा हात दाबला. आपल्याकडे किती आहेत ते समोरच्याला सांगायचं असतं होय? अडतीसवर यायचं तर छत्तीसपासून चढायला हवं, एवढंही या शिकलेल्या पोरींना कळू नये!

दाजी मध्ये पडले. "भवानी आहे, ताई. चाळीस द्या." गुणवंती छत्तीसवरच. दाजींनी टाळूवरून हात फिरवला. "साडेएकोणचाळीस. आता माझ्या हातात काय राहत नाय."

हजार सुटले, वर पाचशे सुटले. जो दीड हजार सोडतो तो आणखी दीड सोडणार. गुणवंतीला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. ती उठली, पदर सारखा केला. "चल बाय. रत्नागिरीत काय एकच दुकान नाय."

रुचिरा उठेना. तिने लॅपटॉपवर पंजा ठेवला होता. आईने दंडाला धरलं तेव्हा ती उठली.

पायरी उतरल्यावर गुणवंती मोजत होती. एक, दोन, तीन. "मागं बघू नको," ती ओठ न हलवता म्हणाली. चार, पाच. मागे दुकानात भावेशचा आवाज आल्यासारखा वाटला, मग काहीच नाही. सहा. सात. आठव्या पावलाला तिने चाल हळू केली. वीस पावलं झाली, कोपरा आला, कोपरा वळून झाला. हाक आली नाही.

"येईल तो पोरगा धावत," ती म्हणाली. "जरा थांबू."

समोरच्या टपरीवर दोघींनी चहा घेतला. अर्धा तास गेला. भावेश काही आला नाही. मग गुणवंती उसन्या जोराने म्हणाली, दुसरीकडे बघू. राम आळीजवळच्या एका दुकानात तसला माल ठेवतच नव्हते. दुसरीकडे अटीत बसणारा होता तो बासष्टचा. तिथे तिने चाळीस म्हटलं, तर तिथल्या मुलाने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ती पायरी उतरताना मोजायचंही विसरली. उन्हाने डोकं तापलं होतं. रुचिराने रस्त्याच्या कडेला उभं राहून पुण्याला फोन लावला. दोन दिवस मिळतील का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडच्या बाई फार गोड आवाजात बोलल्या. सोमवार साडेनऊ, नाहीतर आम्हाला पुढे जावं लागेल, म्हणाल्या. ऑल द बेस्टही म्हणाल्या.

रुचिराने फोन ठेवला. आईकडे तिने नुसतं बघितलं. त्या बघण्यासरशी गुणवंती मागे फिरली.

"चल. देऊ त्याला एकोणचाळीस पाचशे. मागू हजारभर कोणाकडे तरी. तुझ्या वर्गातला तो गौरव हाय ना हितं?" बोलता बोलता ती चालू लागली होती, मग जवळजवळ पळत होती. चप्पल निसटली ती तिने हातात घेतली. आणि पळता पळता तिच्या ध्यानात ती गोष्ट आली, जी तीस वर्षांत आली नव्हती. ती गिऱ्हाइकाला हाक मारायची, कारण संध्याकाळपर्यंत मासळी नासते. लॅपटॉप नासत नाही. त्या दुकानदाराला कसली घाई? आपण आपलीच नड त्याच्या गळ्यात बांधून निर्धास्त चालत सुटलो!

दुकानात शिरल्यावर तिने धाप टाकत काउंटरवर पैशांची पिशवीच ठेवली. "दाजी, द्या तो. तुम्ही म्हणाल त्या भावात. हजार रुपये आता आणून देते, पण द्या."

दाजी खुर्चीतून उठले. भावेश खाली बघायला लागला.

"ताई, गेला तो. सावर्ड्याचे एकजण आले, घेऊन गेले. अर्धा तास झाला."

रुचिरा तिथेच स्टुलावर बसली. गुणवंती उभीच. "मंग हाक का नाय मारलीत?" ती ओरडली. जेटीपर्यंत पोचणारा आवाज त्या काचेच्या दुकानात मावेना. "आम्ही जात होतो तर हाक मारायची ना! एक हाक!"

"काका मला म्हणाले, अडतीसला दे," भावेश हळू आवाजात म्हणाला. "मी उठलोच होतो हाक मारायला. त्यांनीच हात धरला."

"अहो, पोर पहिल्या नोकरीसाठी निघालेली," दाजी म्हणाले. "चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारून अपशकुन करायचा? आमच्या घरात ते चालत नाय. मी म्हटलं, थांब, वळून बघतील. सगळेच वळून बघतात. बघितलं की हातानं बोलवू. मी दारात उभा होतो, ताई, हात वर करून. तुम्ही कोपऱ्यापर्यंत एकदाही बघितलं नाहीत. मला वाटलं, आमचा माल खरंच आवडला नाय."

अडतीस. पिशवीत अडतीस पाचशे होते. परतीच्या गाडीभाड्यासकट सगळं बसत होतं. गुणवंतीने तोंडावर पदर दाबला आणि ती मटकन खाली बसली.

दाजींना राहवलं नाही. त्यांनी पावतीवरचा नंबर काढून सावर्ड्याच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो निवळीजवळ रस्त्याच्या कडेला थांबून बोलत होता, मागून ट्रक गेलेले ऐकू येत होते. दाजींनी सगळं सांगितलं; पैसे परत देतो, वर तुमचं पेट्रोल देतो, म्हणाले.

"दाजी, तुमचं पटतंय मला," तो म्हणाला. "पण पोरगी मागं बसलीय. खोका मांडीवर घेऊन. रत्नागिरीपासून तिनं हात काढला नाय त्याच्यावरचा. तिला मी काय सांगू?"

दाजींनी रुचिराकडे बघितलं. गुणवंतीनेही बघितलं. तिचे डोळे लेकीला विनवत होते, की बोल, माग, तुझी गरज मोठी आहे म्हणून सांग. रुचिरा उठली, फोनजवळ वाकली. "राहू दे, काका," ती म्हणाली. "तिचा काढून घेऊ नका." आणि तिनेच फोन बंद केला.

मग ती पायरी उतरून चालू लागली.

गुणवंतीने पिशवी आणि चप्पल उचलली आणि ती मागून निघाली. आता ती दर दोन पावलांना वळून बघत होती. दाजी दारात उभे होते, पण त्यांच्याकडे बोलावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पुढे रुचिरा चालली होती, ताठ मानेने, स्टँडच्या दिशेने, वीस पावलांवर, मग तीस पावलांवर. आईने सकाळी शिकवलं होतं तशी, एकदाही वळून न बघता. ती आता कधीच आपल्याकडे वळून बघणार नाही, असं गुणवंतीला वाटलं, आणि ती भर रस्त्यात थांबली.

हाक ओठांवर आली आणि तिथेच थबकली. मागून हाक मारू नये. पण आता मोडायला कुठलं चांगलं काम शिल्लक होतं?

"बाय गो!" ती सगळा जीव गोळा करून ओरडली. रस्त्यावरची माणसं थांबली, एक रिक्षा थांबली. "बाय, थांब गो! माजा चुकला!"

रुचिरा थांबली. वळली मात्र नाही. पाठमोरीच उभी राहिली, खांदे हलत होते, आणि हातात चप्पल घेऊन आई जवळ येईपर्यंत ती तशीच उभी होती.